मिठाचा हिशोब

पुस्तकात दोनच आहेत.
एक चौदा साली सुरू झालेलं, एक एकोणचाळीस साली.
पानाच्या कोपऱ्यात खंदकाचं चित्र,
खंदकात पाणी, पाण्यात बूट.
सांकुरू नदीच्या काठी, पत्र्याच्या वर्गात
मागच्या बाकावरची मुआदी विचारते,
'मास्तर, महायुद्ध कधी म्हणायचं?
किती माणसं मेली की?'

बुकासा मास्तर खडू शोधतात.
खडू हातातच असतो.

उत्तर तयार आहे, त्यांनीही ते पाठच केलेलं:
पुष्कळ राष्ट्रं हवीत,
एकाहून जास्त खंड हवेत, मधे समुद्र हवा,
आणि आमनेसामने मोठ्या सत्ता.
मोठी सत्ता म्हणजे
जिचं नाव घेतल्यावर नकाशा काढून
दाखवावा लागत नाही, ती.

मुआदी उतरवून घेते.
'समुद्र' या शब्दाखाली रेघ मारते.
समुद्र तिनं पाहिलेला नाही.

शाळेसमोर चिबोला मीठ विकायची, त्या वर्षांत.
तिला राष्ट्रं ठाऊक नव्हती, गिऱ्हाईक ठाऊक होतं.
आधी आले त्यांनी मीठ मागितलं किन्यारवांडात,
मग किरुंडीत; कानाला सख्ख्या बहिणी,
नोटा मात्र वेगळ्या.
मग शोनात. हे आधी टाळी वाजवून रामराम करायचे,
मग बंदूक भिंतीला टेकवायचे.
मग ओशिवांबोत, हळू आवाजात.
पोर्तुगीजमध्ये मागितलं त्याच्या दातात सोनं होतं
आणि डोळ्यांत ताप.
आपल्याच सरकारच्या पोरांनी लिंगालात मागितलं
आणि पैसे दिले नाहीत.
एकानं नुसती जीभ बाहेर काढून दाखवली.
कुठला, ते कळलं नाही. असेल तेरा वर्षांचा.

भाषांची नावं मास्तरांनी तिला मागाहून सांगितली.
तेव्हा तिनं दाराच्या चौकटीवर
कोळशानं भाषेगणिक एक रेघ ओढली होती.
सात झाल्या. आठवी ओढता ओढता
आतून हाक आली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
सात भाषा मीठ खाऊन गेल्या.

तिचा धाकटा काझादी बंदुकीनं नाही गेला.
जुलाबानं गेला, तीन दिवसांत.
औषध नदीच्या पलीकडे होतं
आणि नदी त्या महिन्यात आघाडी होती.
त्याचं नाव यादीत घाला म्हणून ती गेली
तर टेबलामागचा माणूस म्हणाला,
'जखम कुठं आहे?'

शब्दांनाही पायऱ्या असतात.
चकमक, बंड, यादवी, संघर्ष.
'महा' लावायचं तर वरून शिफारस लागते.
मेलेले इथंच राहिले, लाल मातीत,
हिरे तेवढे समुद्र ओलांडून गेले
आणि कुणाकुणाच्या बोटांत बसले.
समुद्र हवा होता ना?

ज्या भाषेत मी हे लिहितोय
तिच्यात जग म्हणजे ही सगळी पृथ्वी,
आणि जग म्हणजे
एखाद्याच्या अंगावर वाकून सांगणं, की जग.
चिबोला तिच्या बोलीत
तापल्या कपाळावर हात ठेवून तिसऱ्या रात्री जे म्हणत होती
ते यातलं दुसरं.
पहिलं तिच्या दारात सात वेळा
मीठ मागायला आलं होतं.

'मग मी किती लिहू?' मुआदी विचारते.
'दोन लिही,' मास्तर म्हणतात. 'गुण मिळतील.'
ती दोन लिहिते. अक्षर चांगलं आहे तिचं.

समोरची चौकट यंदा रंगवलीय, निळी.
दुपार कलली की रंगाखालून
कोळसा वर येतो.
मुलं जाता येता बोट फिरवतात, मोजतात,
कुणी सात म्हणतं, कुणी आठ,
आणि त्या अर्ध्या रेघेवरून
रोज भांडण होतं.