साहेब घरी नाहीत

सव्विसाव्या वर्षी हडर्सफील्डच्या थिएटरात
केसांना पीठ फासून
हेस्टर पिलबीम पहिल्यांदा म्हातारी झाली.
मग म्हातारीच राहिली.

घरमालकीण, सुईण, खुनाच्या रात्री
दिवा पाहिलेली शेजारीण.
सिनेमात वाट्याला एक दार, एक ट्रे
आणि "साहेब घरी नाहीत."
तेवढ्या तीन शब्दांसाठी
ती पहाटे पाचची बस धरायची,
साहेब नेमके कुठे गेलेत
हे मनाशी पक्कं करत.

परवा मार्गेटला मासळीवाला तिला निरखत म्हणाला,
"तुम्ही आमच्या डोरीन मावशीच्या
शेजारी राहायचात ना?"

हेस्टरनं पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.
"हो तर. कसा आहे आता तिचा गुडघा?"

तो सांगू लागला.
मागे रांग वाढत गेली.