पथारी

दवाबाजारातल्या होलसेलरची बिलं दिवसभर जुळवून
रात्री साडेदहाला मी लग्नघर मांडायला बसते.
आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन,
असे दोन, खाली-वर, म्हणजे एक गादी,
गादीवर एक पाहुणा, आणि त्याच्या तोंडावर
डोळ्यांसाठी कसेबसे उरलेले दोन ठिपके.
झोप लागली की ते मिटतात.

खेळ एवढाच:
दिवे जायच्या आत सगळ्यांना झोपवायचं.
मामा पंख्याखाली झोपत नाहीत.
धाकट्या दोघी जावांच्या मध्ये निदान एक गादी हवी.
नवरीला भिंत लागते.
आणि दारापासून मोरीपर्यंत
एक रिकामी वाट राहिलीच पाहिजे,
कारण कुमुदआत्या रात्री तीनदा उठतात
आणि कुणाच्या अंगावर पाय पडला की डाव संपला.

रंग तीन. चौथा पारदर्शक, तो धरायचा नाही.
केस, कातडी, कपडा, एवढ्यात बावीस नातेवाईक.
पैसेवाल्या काकांना वेगळं काढायला जागा नव्हती.
चष्मा फक्त मामांना परवडला.
बोलणं तर बसेचना,
म्हणून माणसं बोलत नाहीत,
कूस बदलतात.

जेल रोडवर एका जिन्याखाली
मुश्ताकभाई चिपा भाजून देतात.
त्यांच्याकडे पोतंभर जुन्या कॅसेटी आहेत,
वर लिहिलंय नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम,
आत चारच, तेही फिरून फिरून.
"भिया," (मलाही ते भियाच म्हणतात)
"चालीस पीस? लेगा कौन?"
मी म्हटलं, चाळीस जण.
ते हसले नाहीत.
एक कवच उघडून त्यातली धूळ फुंकली, म्हणाले,
"तो फिर पेच अच्छे डालेंगे."

सतराव्या घरात अडलं.
तिथे हॉलमध्ये नऊ जण एका ओळीत झोपतात
आणि या यंत्राला एका ओळीत आठच माणसं दिसतात.
नववा असतो. जागा अडवतो. पडद्यावर येत नाही.
माझ्या यादीत शेवटी होता आचाऱ्याचा भाचा धनू,
चपलांपाशी झोपणारा.
दोन रात्री मी त्याला वर-खाली सरकवून पाहिलं,
मग जीरावण लागलेल्या बोटांनी
यादीच फिरती केली:
पडदा सेकंदाला पन्नासदा रंगतो,
दर वेळी मोजणी पुढच्या माणसापासून.
आता कधी नवरी नसते, कधी मामा, कधी धनू,
प्रत्येकाने थोडं थोडं नसायचं
म्हणजे कुणी पुरतं जात नाही.

मालवा मिलच्या भंगारातून आणलेल्या डबा टीव्हीवर
सगळी ओळ लुकलुकायला लागली.
वरच्या मुळ्यांची शर्वाणी, वय अकरा,
नाक काचेला लावून म्हणाली,
"काकू, हे सगळे घोरतायत ना?"
मी हो म्हटलं.
पुस्तिकेतही तसंच लिहिलं.

मग तिने खेळायला घेतलं.
आणि पहिल्याच घरात, मला न विचारता,
कुमुदआत्यांनाच उचलून मोरीच्या दाराशी झोपवलं.
वाट लागतच नाही मग.
उरलेली जागा गाद्यांनी भरली, दिवे गेले,
विजयाची धून वाजली,
जी बसवायला मला एक अख्खा रविवार लागला होता.
आठ महिने मी वाट राखत बसले होते.

आत्यांना फोन लावला. हल्ली त्या देवासला असतात.
म्हटलं, मोरीजवळ झोपाल का?
"मी तिथेच तर झोपायची," त्या म्हणाल्या,
"सगळ्यांच्याच लग्नांत.
वास येतो थोडा. तू जेवलीस का?"

सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली
तेव्हा मी अजून बसलेलीच होते.
ओला, सुका, दोन्ही डबे तसेच राहिले.
नवा नियम घातला नाही. शर्वाणीचा डाव बरोबरच आहे.
फक्त मोरीच्या दारापुढचा चौकोन
जरा वेगळा केला. बत्तीस बाइट गेले.
तिथे गादी बसते, घर सुटतं, धूनही वाजते,
पण त्या एका पाहुण्याचे
दोन ठिपके
उघडेच राहतात.