लॉट नंबर एकोणीस

कंटेनर समुद्रात पडला, असा श्रीशैलचा फोन आला
तेव्हा नायना डाय हाऊसमध्ये टबात कोपर बुडवून उभे होते.
थर्मामीटर आहे. पण आधी कोपर,
मग थर्मामीटरकडं बघून म्हणतात, याचं बरोबर आहे.

सहाशे डझन टॉवेल, मोरपंखी,
आफ्रिकेच्या टोकाला, वादळात, कुठंतरी.
विमा होता. पैसे मिळणार होते.
तरी रात्री जेवताना म्हणाले,
"बिड्डा, तू जहाजावर पाणी मोजतीस ना?
मग सांग, माझा माल कुठं गेला असंल?"

मी सुट्टीवर आले होते. दोन महिने हेच करत होते:
बाटल्या खोल सोडायच्या, पाणी वर आणायचं,
त्याला दोनच प्रश्न विचारायचे,
किती गार, किती खारट,
एवढ्यावरून कळतं ते कुठल्या गावचं.
विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी.
अम्मा बॅरलवर झाकण ठेवते, झाकणावर विडीच्या पानांचं सूप,
आणि पाण्याला तिसराच प्रश्न विचारते:
किती दिवस पुरशील?

मी आमटीत बोट बुडवून ताटातच काढला महासागर.
वारा पाण्याला ढकलतो, नायना,
पण पाणी सरळ ऐकत नाही.
पृथ्वी फिरते म्हणून आपल्याकडं ते उजवीकडं झुकतं,
खाली तिकडं डावीकडं.
झुकत झुकत मोठा गोल पडतो, अख्ख्या समुद्राएवढा.
तुमचा माल पडला तिथं एक उबदार प्रवाह
किनाऱ्याच्या कडेनं धावत खाली येतो,
टोकाला पोचतो आणि माघारी वळतो.

"काय विसरला?" अम्मानं विचारलं.
काही नाही. पुढचा वारा उलटा आहे.
थोडं पाणी भोवरे होऊन सुटतं, पलीकडच्या महासागरात निसटतं,
आपली ऊब घेऊन महिनोन्महिने गरगरत.

"म्हंजे निम्मा माल वापस, निम्मा पार्टीकडं,"
नायना म्हणाले. हसले नाहीत.

मी टाळत होते खरं तर.
टॉवेल तरंगत नाही.
चांगला टॉवेल तर मुळीच नाही,
पाणी प्यायलाच विणलाय तो.
प्लास्टिक फाटलं की गठ्ठेच्या गठ्ठे खाली.

ते उठले. काचेची बरणी घेतली,
अर्धी कोमट पाण्यानं भरली, चिमूटभर तांबडा रंग.
फुलपात्रात गार पाणी, मूठभर मीठ, निळा.
चमच्याच्या पाठीवरून ते कडेनं सोडलं
तसं निळं काही न बोलता तांबड्याच्या खाली जाऊन बसलं.
"मीठ टाकून नीट ढवळलं न्हाई की टबात हे असं हुतं.
खालचा माल गडद, वरचा फिका.
पोरांना शिव्या देतो आमी ह्याच्यासाठी."

मी म्हटलं, अख्खा समुद्र असाच आहे, न ढवळलेला.
वारा हलवतो ते वरचं, शे-दोनशे मीटर.
ध्रुवापाशी गारठून, खारट होऊन बुडालेलं पाणी
तळाच्या अंधारात सरकत राहतं.
परत उजेडात यायला त्याला हजार वर्षं लागतात.

"हजार."
बरणी त्यांनी ट्यूबलाइटपुढं धरली.
"तिथं डिग्री किती?"
एक. फार तर दोन.
"मीठ?"
लिटरला पस्तीस ग्रॅम.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले,
लॉटच्या वहीत लिहिताना हलतात तसे.
"मग न्हाई सुटत रंग," म्हणाले, आणि झोपायला गेले.

सकाळी बरणी खिडकीत तशीच होती.
मधली रेघ पुसट झालेली, जांभळी,
पण होती.
मी वाकून बघतेय तोवर अम्मानं ती उचलली, मोरीत ओतली.
नळ आला होता,
आणि तिला भांडं कमी पडत होतं.