ओळंबा

कागदावर लिहून आलं होतं:
डावी बाजू लुळी. तोल नाही. बसता येत नाही.
खाली सही, सहीखाली शिक्का.
तोल नाही हे निदान नव्हे, ती तक्रार झाली,
असं मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते
आणि दर वर्षी एकदा तरी स्वतःच विसरते.

नागोजी बस्तवाडकर, वय एकसष्ट, गवंडी, राहणार नंदगड.
चाकाच्या खुर्चीत, डाव्या अंगाला तीन उशा,
एकीवर निळ्या दोऱ्याचा मोर.
"तिकडंच जाऊलंय की ओ त्यांचं अंग," बायको म्हणाली,
"वाळूच्या पोत्यागत."

पण वाळूचं पोतं ढासळतं.
हे ढासळत नव्हते.

पलंगाच्या काठावर बसवलं, उशा काढल्या,
एक हात त्यांच्या पाठीमागं ठेवला, न टेकवता,
आणि बघत राहिले.
काय हलतं, ते आधी दिसतं.
काय हलत नाही, ते थोडं उशिरा.
काय नको तितकं हलतं, ते दिसेपर्यंत
बाहेर दोन नंबर पुकारून होतात.

उजवा हात.
चांगला हात, म्हणून कुणी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं.
पंजा गादीत रुतलेला, कोपर ताठ, पेरं पांढरी,
तो हात त्यांना लोटत होता
डावीकडं, इमानानं,
जसा कुणी कलती भिंत सावरतो.

शिवलीला, आमची गोकाकची शिकाऊ मुलगी, पुढं झाली.
"नेट्टग कूडरी, अज्जा," म्हणत तिनं त्यांना सरळ केलं मात्र,
ते ओरडले, "पडूलो! अगं, पडूलो मी!"
तिनं घाबरून सोडलं,
ते परत तिरके झाले, आणि श्वास खाली बसला.

मांडीची ताकद पाहिली. अगदीच नाही असं नव्हतं.
तळव्यावर कापूस फिरवला. अर्धा कळला.
मग मुलाला विचारलं, "यांचा ओळंबा घरी आहे?"
"घरी नाही, खाली गाडीच्या डिकीत."

पितळी, जड, चुन्यानं दोरी कडक झालेली.
सलाईनच्या स्टँडला बांधला, हलायचा थांबेपर्यंत थांबलो सगळे.
"दोरी कशी आहे?"
नागोजींनी एक डोळा मिटला.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी त्यांना त्यांच्या कामातलं विचारत होतं.
"दोरी बरोबर हाय."
मग, "तुमची खिडकी अर्धा सूत भाईर हाय."
(आहे. मी नंतर मोजली.)
"आणि तुम्ही?"
"मी नीट हाय."

आरसा सरकवून समोर आणला,
दोरी आणि माणूस एका चौकटीत.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
त्यांनी दोरीकडं पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडं, मग परत दोरीकडं,
दुसऱ्या गवंड्याचं काम बघावं तसं, नाक मुरडून.
उजव्या हाताचं एक बोट गादीवरून सुटलं.
पुन्हा रुतलं.
"दोरी खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले,
कुणावर तरी आळ घेतल्यासारखं.

मी कागदावर लिहिलं:
डोळ्यांची उभी रेघ शाबूत.
अंगाची उभी रेघ डावीकडं कललेली, अंदाजे अठरा अंश.
उशा बंद. सरळ ओढू नये, बघू द्यावं.
उजव्या हाताला काम द्यावं, काठ देऊ नये.
बायकोनं उशा पिशवीत भरल्या, मोर आत, नाराजीनं.

दुसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड कुणीतरी वरच्या वॉर्डात नेला होता,
ओळंबा खिळ्याला लटकावून, भिंतीला लागून.
नागोजी माझ्याआधी येऊन बसलेले,
तितकेच तिरके, चिडलेले.
"भिंतीला टेकला की त्यो ओळंबा नव्हं," म्हणाले,
"नुसतं वजन. मोकळा सोडा त्याला."