आठ सुतांचा इंच

कंटेनर आला तेव्हा शरणप्पाची क्रेन
विजेच्या तारेखाली अर्धा तास अडकून होती.
वीस फुटी. निळा. एका कोपऱ्याला चेमटलेला.
दारावर कुठल्याशा बंदराचं नाव, खरवडलेलं,
आणि आत वास, लसणाचा की रबराचा, ठरेना.
गल्लीतली पोरं जमली. एक म्हणालं,
"आत कोण राहणारे बे?"
मी म्हटलं, लेथ राहील. मी येऊन-जाऊन.

एमआयडीसीतल्या शेडचं डिपॉझिट ऐकून
बाप नुसता हसला होता, तेलुगूत.
म्हणून हा डबा.

आतून रुंदी सात फूट आठ इंच.
प्रत्येक यंत्राचा ठसा वर्तमानपत्रातून कापला
आणि रात्री घरच्या फरशीवर सरकवत बसले:
लेथचं डोकं दाराकडे,
म्हणजे लांब बार दाराबाहेर शेपूट काढून फिरेल.
ग्राइंडर पार दुसऱ्या टोकाला,
त्याची धूळ लेथच्या अंगावर नको.
व्हाइस खिडकीपाशी. ड्रिल उरलेल्या कोपऱ्यात.
मी कुठं उभी राहणार
हे सगळ्यात शेवटी आठवलं.
अडीच फूट शिल्लक होते. पुरे.

खिडक्या मौलालीनं कापल्या.
निघालेले पत्रे भंगारात जाऊ दिले नाहीत,
त्यांचेच छज्जे जोडले त्याच खिडक्यांवर.
"यांचीच कातडी, यांनाच सावली," म्हणाला,
आणि काच चढवलेल्या डोळ्यांनी चहा प्याला.

तळाला प्लायवूड.
लेथ ठेवला, पाणपातळी ठेवली,
मी एक पाऊल टाकलं की बुडबुडा पळायचा.
तीन दिवस पाचरी ठोकल्या. चौथ्या दिवशी कळलं,
लेथनं कंटेनरवर उभंच राहायचं नाही.
तळ कापला. खाली मुरूम लागेपर्यंत खणलं,
काँक्रीट ओतलं, एकवीस दिवस पाणी मारलं
(शेजारणीला वाटलं मी काहीतरी पेरलंय).
आता लेथचे पाय जमिनीत,
आणि कंटेनर म्हणजे भोवतीचा ढगळ सदरा,
कुठंच अंगाला न लागणारा.

मे महिना. बाहेर बेचाळीस.
आतला आकडा बघायचं सोडून दिलं.
छतावर कडबा, कडब्यावर गोणपाट, गोणपाटावर पाणी,
तरी दुपारी मापात कापलेली पिन
सकाळी गार होऊन ढिली निघाली.
तेव्हापासून पहाटे पाचला शटर,
अकराला कुलूप.
लोखंडाला ऊन लागतं
हे आयटीआयच्या पुस्तकात एका ओळीत होतं.

बाप मागावरचा जॉबर. एक्केचाळीस वर्षं
मागाचं दुखणं कानानं ओळखलेला.
एका पहाटे आला, स्टुलावर बसला,
मी पुटपुटत होते, अजून एक सूत काढायचं.
"सूत?"
"इंचाचा आठवा भाग."
"लोखंडाचं?"
"कशाचंही."
बराच वेळ चकल्यांसारखी गुंडाळत पडणारी किस बघत राहिला.
मग म्हणाला,
"आमचं वीस नंबरचं किलोभर सूत सोड इथून,
अक्कलकोटच्या जरा अलीकडं संपेल."
मी लेथ बंद केला नाही.
हात पुसायला घेतलेला चिंध्यांचा बोळा
कारखान्यातलाच होता, तुटक्या धाग्यांचा,
पिवळा, गुलबक्षी, चादरीच्या किनारीतला.
तो त्यानं माझ्या हातातून घेतला,
उलगडून बघितला, परत दिला.

पहिलं काम गाजुलांच्या कारखान्याचं.
पिकिंगच्या दांड्याची पिन, सहा नग.
बापच घेऊन गेला, सायकलवर, खिशात.
बसवली. माग सुरू केला.
डोळे मिटून उभा राहिला म्हणे
त्या आवाजात, जिथं कुणाला काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी जेवताना
भाकरीवर शेंगाचटणी घेत म्हणाला,
"अजून अर्धं सूत."
कुठलं, ते बोलला नाही.
मी सकाळी पाचला
कुलूप काढलं.