कंसात

कार्डिफ. तिसरा मजला. खिडकीखाली गाड्यांचा तळ.
माझं काम हेडफोन लावून टाइप करायचं:
डॉक्टर काय म्हणाली, रुग्ण काय म्हणाली,
आणि मधे किती वेळ कुणीच काही म्हणालं नाही.
गप्प राहणं इथे कंसात लिहितात, सेकंदांत.
(०.४) म्हणजे श्वास.
(१.२) म्हणजे शब्द सापडत नाहीये.
तीनच्या पुढे गेलं की मी पाय आखडून बसते.

टेप सतरा.
बाई चव्वेचाळीसची, र्‍होंडाच्या खोऱ्यातली,
शाळेत मुलांना जेवण वाढते.
आल्या आल्या तिनं पार्किंगच्या पैशांचं विचारलं.
डॉक्टर म्हणाली, "मागच्या वेळी आपलं ठरलं होतं,
आडवळण नको, निकाल आधी."
"हो."
"तुम्हाला नको होता, तोच आलाय."

(६.८)

मी तीनदा मोजलं. सहा पूर्णांक आठ.
तेवढ्यात बाहेरून एक ट्रॉली गेली,
तिचं एक चाक कुरकुरत होतं.
कुरकुर कुठल्या रकान्यात टाकायची, नियमावलीत नाही.

मग ती बोलली ते बापाविषयी.
खाणीत होता. तोल जायचा, हातून कप सुटायचे.
अख्खी गल्ली म्हणायची, चढवून आलाय.
"डॅडनं थेंबही घेतला नव्हता कधी. चॅपलवाला माणूस.
आणि मीही गल्लीचंच ऐकलं."
इथे समजावायला भरपूर जागा होती.
डॉक्टरनं काही समजावलं नाही.
चांगली डॉक्टर. (३.१)

खाण तशी माती, म्हणतो आपण,
बारशाला, पाळण्यात वाकून, हसत.
मी ही म्हण चाळीस वर्षं वापरली
आणि खाण पाहिली नव्हती.
गेल्या मार्चात गेले त्या खोऱ्यात.
खाणीचं तोंड बुजवलेलं, वर गवत, गवतावर मेंढ्या,
एक फलक: कधी उघडली, कधी बंद झाली.
खाली किती शिल्लक आहे, ते लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर पत्र छापून आणायला गेली.
रेकॉर्डर बंद करायचा राहिला.
दार. पावलं.
नवऱ्याचा आवाज, त्या टेपवर पहिल्यांदाच:
"नेरिसला?"
"नाही सांगायचं."
"डेल, तुझी सख्खी बहीण आहे. चौथा महिना लागलाय तिला."
"म्हणूनच."
(११.५)
"दहा वर्षांनी राहिलंय, गेथिन. म्हणूनच म्हणते."

(नावं मी बदललीत. खोरंही, कदाचित.)

संमतीपत्रात लिहिलंय: सल्लामसलतीचं ध्वनिमुद्रण.
ही सल्लामसलत नव्हती.
ही दोन माणसं होती, दार लोटलेल्या खोलीत.
बाविसाव्या मिनिटानंतरचं पुसायचं,
वहीत नोंद करायची: पुसलं, तारीख, सही.
प्रोफेसरांना विचारलं. ते भले गृहस्थ,
चष्मा पुसत म्हणाले, "ऐकलंच नाही असं समज."
कान म्हणजे काय फळा आहे?

मी पुसलं. तारीख घातली. सही केली.

आणि आता एक बाई आहे, जिला मी ओळखत नाही,
पाळण्याचा रंग ठरवत असेल कुठेतरी,
आणि तिच्याविषयी तिच्याआधी मला माहीत आहे.
थोडंच. तिच्याही वाट्याला आलंय की नाही, ते नाही.
फक्त एवढंच, की विचारता आलं असतं.
अजून काही आठवडे विचारता येईल.
मग नाही.

शनिवारी बाजारात माझ्यापुढे उभ्या बाईच्या हातून
स्ट्रॉबेरीचा डबा सुटला.
फळं घरंगळत गेली, एक माझ्या बुटाशी थांबलं.
ओशाळून म्हणाली, "हात ओले होते."
"होतं असं," मी म्हटलं. वाकले, वेचू लागले.
ती कुणीच नव्हती. साठीची असेल.
पैसे मोजून दिले तिनं, नीट, नाणं न नाणं.
आणि मी बघत राहिले तिच्या बोटांकडे,
गल्लीसारखी.