छाट

बावीस वर्षं मी सोलापुरात विडी कारखान्यात चेकर होतो.
बाया सुपातून हजार विड्या आणायच्या.
मी कट्टा उचलायचो, अंगठ्यानं दाबायचो:
ही ढिली. ही वाकडी. हिचं तोंड उघडं.
बाजूला पडली ती छाट.
छाटेला मजुरी नाही.

आता सांगतो, चर्चमध्ये कधी सांगितलं नाही ते.
छाट कुणी मोडून टाकत नसे.
संध्याकाळी तीच विडी दुसऱ्या कट्ट्यात जायची,
तोच दोरा, तोच छाप, तीच किंमत.

राहेलम्माच्या मी रोज चाळीस काढायचो.
तिची विडी ढिली नव्हती.
फरशीवर टाकली तर टक् वाजायची.
ती उलट बोलत नव्हती, एवढंच.

रविवारी आम्ही एकाच छपराखाली.
ती बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर,
पदराला तंबाखूचा वास, धुऊन न जाणारा.
मी पंच. प्रभुभोजनाचं ताट माझ्या हातात.
भाकरीचा तुकडा तिच्यापुढे धरायचो
त्याच अंगठ्यानं.

पाळक म्हणायचे, कृपा फुकट आहे.
मी हिशेबाचा माणूस, मनात म्हणायचो,
फुकट कसं असेल?
कुणाच्या तरी मजुरीतून कापलं असणार.
(बरोबरच होतं ते. फक्त कुणाच्या,
हे वर क्रूसावर डोळ्यांपुढे असून दिसलं नाही.)

मग साखर वाढली.
सिव्हिलमध्ये डाव्या पायाची दोन बोटं
छाटली.
डॉक्टरनं हाच शब्द वापरला. मी हसलो,
नर्सला वाटलं भूल उतरली नाही.

घरी पडून कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं.
चाळीस गुणिले दिवस, सण वजा,
तिच्या बाळंतपणाचे तीन महिने वजा.
(ते वजा करताना हात थांबला.
तेव्हाही ती सतराव्या दिवशी आली होती.)
आकडा आला. फंडातून काढला.
मे महिन्यात, उन्हं कलल्यावर, घरकुलात गेलो.

ती उंबऱ्यावर, एका डोळ्यात मोतीबिंदू,
मांडीवर सूप.
मी बोललो सगळं. कात्री थांबली नाही.
पान कापत म्हणाली,
"ठाऊक होतं की, शांतवनभाऊ. मी पण मोजत होते.
सात वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या, तेलुगूत.
देवाला तेलुगू येतं.
मग दमले. पाटीभर विड्या डोक्यावर,
त्यावर रोज तुम्हाला पण घ्यायचं?
मान दुखायला लागली. ठेवलं खाली."

"कुठं?"
"त्याच्यापाशी. तो म्हणाला, ठेव.
तुझे पण आहेत माझ्याकडे, म्हणाला."
तिचे काय असतील, मी विचारलं नाही.

पाकीट पुढं केलं.
मला वाटलं, नको म्हणेल, डोळे पुसेल.
तिनं घेतलं. पोलक्यात ठेवलं.
"नातीच्या फीला होतील.
पण हे माफीचे नव्हेत हं. ती केव्हाच झाली.
हे नुसते पैसे."

मी बसून राहिलो.
जे फेडायला आलो होतो
ते आधीच फिटलेलं, मला न विचारता.
खरं सांगू? राग आला.
रिकाम्या हातानं बसणं
मला कधी जमलंच नव्हतं.

तेवढ्यात बोळातून आरोळी, "पाणी आलं!"
पाचव्या दिवशी आलं होतं.
कुणाची पट्टी भरलेली, कुणाची थकलेली,
नळाला काय माहीत.
तिनं माझ्या हातात घागर दिली.
"बघत काय बसलात, लावा नळाखाली."

मी लावली. एक भरली. दुसरी. पिंप. बादल्या.
सवयीनं मोजत होतो.
अकरावीला शेजारचं पोर मध्ये घुसलं
आणि आकडा सुटला.
पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.
"अहो, पायाची पट्टी!" ती ओरडली.
भिजली होती केव्हाच.